रडका पिच्चर आणि आमची आई

आज दुपारी विश्रामबागला आईकडं गेलेलो तर टीव्हीवर 'माहेरची साडी' लागलेला, म्हटलं दहा मिनिटं बघू, जरा हसू, आणि तीन तास तिथंच, भडंगाचा डबा रिकामा. विजय कोंडकेंचा १९९१ चा पिच्चर, मूळ राजस्थानी 'बाई चली सासरिये'. अलका कुबल रडली की आख्खा महाराष्ट्र रडायचा. शहाणी माणसं तेव्हापासून याला रडका, बटबटीत म्हणत आलीत, कॉलेजात मी पण लय टिंगल केलेली (चार इंग्लिश पिच्चर बघितले की होतं असं). आणि बटबटीत आहेच की, छळ एवढा की सासरी एक पण माणूस शहाणं नसेल का असं वाटतंय. पण आई मेथी निवडत होती, एका हातानं पदर डोळ्याला, आणि पानं कचऱ्यात, काड्या भाजीत! म्हटलं अगं आई, खोटंय सगळं. तर म्हणे, "गप बस, तुला काय कळतंय, आम्ही गावाकडनं टेम्पो करून आल्तो बघायला, येताना कोण कुणाशी बोललं न्हाई."

आता यावर समीक्षा काय लिहिणार.

रात्री भाजीत काड्याच काड्या. गुमान खाल्ली.