सोलापूरच्या वेढ्यासाठी कागदी फौज

माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर सध्या १४० शिपाई उभे आहेत. प्रत्येकाची उंची २८ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण साडेपाच फुटांचा माणूस साठ पटींनी लहान केला तर जेवढा होईल तेवढी. हे सगळे शिपाई कागदाचे आहेत. ते मी स्वतः काढले, छापून आणले, कापले, दुमडले आणि पुठ्ठ्यावर चिकटवून उभे केले. त्यांच्यात एकाही प्रसिद्ध लढाईतला शिपाई नाही. मे १८१८ मध्ये आमच्या सोलापुरात, भुईकोट किल्ल्याभोवती जे सहा दिवस गाजले, त्या सहा दिवसांची ही फौज आहे.

या छंदाची सुरुवात, महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत होते तशी, दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली. दरवर्षी अंगणात दगड, पोती आणि चिखल यांचा किल्ला व्हायचा, त्यावर हळीव पेरले जायचे आणि बाजारातून मातीचे मावळे यायचे. भाऊबीज झाली की किल्ला मोडायचा आणि मावळे बुटांच्या खोक्यात जायचे. पुढच्या वर्षी खोके उघडले की निम्म्यांचे भाले तुटलेले आणि हात गळालेले असायचे. शिवरायांच्या मावळ्यांवर माझे प्रेम आजही तेवढेच आहे, पण सोलापूरच्या मुलीला एक प्रश्न पडायचाच. आमच्या गावाच्या मधोमध खरा किल्ला आहे, तिन्ही बाजूंनी रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वराचा तलाव असलेला. मग त्या किल्ल्यावर लढलेल्या माणसांची चित्रे दिवाळीच्या बाजारात कधीच का मिळत नाहीत? त्याचे उत्तर मोठेपणी समजले. साचा बनवणाऱ्याला एका आकाराची हजारो चित्रे खपवावी लागतात आणि सोलापूरच्या वेढ्याचे शिपाई मागणारी माणसे हजारोंनी नसतात. परदेशातून येणाऱ्या धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या शिपायांनाही हेच लागू आहे. त्यांच्यात वॉटर्लू सापडते, दुसरे महायुद्ध सापडते, आपल्या तालुक्याची लढाई सापडत नाही. कागदाला साचा लागत नाही. ज्याला चित्र काढता येते आणि ज्याच्या गल्लीत प्रिंटआऊट मिळते, त्याला हवी ती फौज उभी करता येते. मला या छंदातले सगळ्यात मोलाचे हेच वाटते, आणि स्वस्ताई त्यानंतर येते.

कागदी शिपाई ही काही संगणकाच्या युगाची कल्पना नव्हे. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील स्ट्रासबुर्ग शहरात अठराव्या शतकातच शिपायांच्या रांगा कागदावर छापून, हाताने रंगवून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापल्या जात असत. तिथे छावणी असल्यामुळे खऱ्या पलटणी रोज डोळ्यांसमोरून जात आणि चित्रकार गणवेशाची बटणेसुद्धा चुकवत नसत. पुढे एपिनाल गावी झां-शार्ल पेलरां यांनी १७९६ मध्ये काढलेल्या चित्रछपाईच्या कारखान्याने असे कागद घरोघरी पोहोचवले. हे वाचताना मला सावंतवाडीचे गंजिफाकार आठवले. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून त्यांनी पत्त्यांसाठी जे टणक पान तयार केले, ते माझ्या शिपायाचेच थोरले भावंड म्हणावे लागेल. आमच्या घरात खळ हा शब्द रोजचा होता, कारण वडिलांचे सारे आयुष्य चादरींच्या कारखान्यात गेले. पण ती गोष्ट पुढे येईल.

आता लढाईविषयी. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस, पेशवे रानोमाळ फिरत असताना, जनरल थॉमस मन्रो फौज घेऊन सोलापुरावर चालून आला. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेला मन्रो तो हाच. किल्ल्यात आणि पेठेत अरब शिबंदी होती आणि बाहेर तटाच्या आश्रयाने गणपतराव पानसे तोफांसह तळ देऊन होते. पानसे घराण्याकडे पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या होता. १० मे रोजी पहाटे इंग्रज फौजेने शिड्या लावून पेठ घेतली. पानसे तोफा घेऊन पूर्वेच्या बाजूला आले, तोफांचा मारा सुरू झाला, त्यात दारूगोळ्याचा एक गाडा उडाला आणि तो गोंधळ हेरून मन्रोने संगिनींचा हल्ला चढवला. गणपतराव जबर जखमी झाले. संध्याकाळी उरलेली फौज निघाली, तिचा पाठलाग झाला आणि १५ मे रोजी किल्लाही खाली झाला. शाळेत आम्हाला सोलापूरचे १९३० चे मार्शल लॉ शिकवले आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे पाठ करून घेतली, ते योग्यच झाले. मात्र १८१८ चे नाव मी वर्गात कधी ऐकले नाही.

लढाई वाचणे आणि लढाईतला शिपाई काढणे यांत फार अंतर आहे. ‘इंग्रज फौज’ हे दोन शब्द लिहिताना काहीच अडत नाही. पेन्सिल हातात घेतली की लगेच विचारावे लागते, हा माणूस कोण? मन्रोच्या फौजेत बहुसंख्य शिपाई मद्रासचे देशी पायदळ होते, म्हणजे तमिळ आणि तेलुगू मुलखातली माणसे, लाल डगला आणि छातीवर पांढरे आडवेतिडवे पट्टे घातलेली. ज्या सोलापुरात पुढे पद्मशाली विणकरांमुळे तेलुगू ही घराघरातली भाषा झाली, त्या सोलापुरात तेलुगू बोलणारे शिपाई शिड्या घेऊन आले होते, हे मला लाल रंग भरताना प्रथम जाणवले. त्यांच्या पागोट्यावर मी जवळजवळ एक आठवडा घालवला. बारा वर्षांपूर्वी, १० जुलै १८०६ रोजी, वेल्लोरला याच मद्रास पलटणींनी उठाव केला होता आणि त्याच्या कारणांत नव्या धर्तीचे, चामड्याचा तुरा असलेले पागोटे हे एक ठळक कारण होते. गंध लावायला आणि दाढी ठेवायलाही त्याच वेळी मनाई झाली होती. तो हुकूम नंतर मागे घेण्यात आला. ज्या पागोट्यासाठी माणसांनी जीव दिले ते चित्रात सहा मिलिमीटरचे असले तरी अंदाजाने काढणे मला पटले नाही. त्याच्यावर चामड्याचा तुरा नाही, आणि काही शिपायांच्या कपाळावर मी सर्वांत बारीक पेनाने गंध ओढले आहे. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; भिंगातून दिसते.

बंदुकीचे मापही असेच धरून ठेवावे लागते. कंपनीच्या पायदळाची बंदूक संगिनीशिवाय सुमारे १४० सेंटिमीटर लांब असे, म्हणजे माझ्या प्रमाणात ती २३ मिलिमीटर येते आणि शिपायाच्या हनुवटीच्या आसपास पोहोचते. पुष्कळ चित्रांत ती माणसाच्या डोक्यावर जाते, आणि मग फौज भालाइतांची वाटू लागते. अरबांच्या हातात लांब तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडवायच्या, बंदुका आणि कमरेला जंबिया, म्हणजे वाकडी कट्यार, आहे. माझा भाचा सातवीत आहे आणि अरबांची कापणी त्याच्याकडे आहे. त्याने एकदा विचारले, ‘‘आत्या, सगळ्यांचे तोंड एकाच बाजूला का?’’ त्याचे बरोबर होते. मी एकच चित्र वीस वेळा उमटवले होते. त्यानंतर मी अरबांची सात वेगवेगळी चित्रे काढली.

आता कामाच्या पद्धतीविषयी, कारण चुका जास्त इथेच होतात. शिपायाची पुढची बाजू आणि पाठ ही डोक्याला डोके लावून, एकाखाली एक उलटी काढायची. मधोमध घडी पडली की दोन्ही बाजू पाठीला पाठ लावून चिकटतात आणि पायांखालच्या दोन पट्ट्या उलट दिशांना वळून बैठकीला, म्हणजे खालच्या पुठ्ठ्याला, धरतात. एका ए-फोर कागदावर असे २७ शिपाई बसतात. कागद १६० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. घडी झाल्यावर तो दुप्पट होतो, त्यामुळे २५० जीएसएमचा कार्डशीट घेण्याचा मोह टाळावा. तो डोक्याशी नीट वळत नाही आणि पागोटे फाटते. घडी घालण्याआधी संपलेल्या बॉलपेनाने स्केल लावून रेघ दाबून घ्यावी. कागदालाही उभा-आडवा कल असतो. कोपऱ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी दुमडून पाहिला की कोणत्या दिशेने घडी सरळ पडते ते कळते, आणि पान त्याप्रमाणे लावून घ्यावे.

चिकटवण्यासाठी मी पूर्वी फेव्हिकॉल वापरत असे. इंकजेटच्या छपाईवर तो ओला पडला की शाई पसरते आणि लाल डगल्याचा रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. आता शिपायांसाठी कोरडी ग्लू स्टिक आणि फक्त बैठकीला फेव्हिकॉल, असा नियम ठेवला आहे. लेझर छपाईची शाई पाण्याला दाद देत नाही, पण घडीवर तडकते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरी रेघ उमटते. तिच्यावर आणि कापलेल्या सगळ्या कडांवर त्या त्या रंगाचा स्केचपेन फिरवावा लागतो. नवीन माणूस नेमके हेच काम टाळतो, आणि त्याचे शिपाई लांबून पाहिले तर कागदाचे कपटे वाटतात. कडा रंगवलेला शिपाई हातभर अंतरावरून भरीव दिसतो. मला विचाराल तर कापणीपेक्षा कडा रंगवण्यातच कारागिरी जास्त आहे.

छपाईने मला एकदा मोठा फटका दिला आहे. तटाचे बारा तुकडे, प्रत्येकी १०० मिलिमीटर लांबीचे, मी एका दुकानात छापायला दिले. तिथल्या मुलाने अर्धे कागद मूळ मापात आणि अर्धे कागदात बसवण्याच्या सेटिंगवर काढले. घरी येऊन पाहिले तर निम्मे तुकडे ९७ मिलिमीटरचे. तीन मिलिमीटरनी काय होते, असे कोणालाही वाटेल. पण तट चौकोनी आहे आणि समोरासमोरच्या भिंती तीन-तीन तुकड्यांच्या आहेत, त्यामुळे एक बाजू जवळजवळ एक सेंटिमीटर आखूड झाली आणि शेवटचा बुरूज जागेवर बसेना. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी ५० मिलिमीटरची एक रेघ छापते आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, खिशातली पट्टी लावून ती मोजते.

बैठकीसाठी मात्र विकत काहीच आणावे लागले नाही. वडील चादरींचे नक्षीकाम करत. चौकडीच्या कागदावर मोर किंवा फूल एकेक घर रंगवून उतरवायचे आणि त्याबरहुकूम जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडून घ्यायची, हे त्यांचे काम. जिथे भोक तिथे मागावरची सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे धागा खाली राहतो. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्यांनी ओवून मागावर चढतात आणि नक्षी जुनी झाली की त्यांचे गठ्ठे माळ्यावर पडतात. असा एक गठ्ठा आमच्या घरी होता. तो पुठ्ठा टणक आहे, वर्षानुवर्षे सुयांचा मार खाऊनही वाकलेला नाही. त्याचे २० मिलिमीटरचे चौकोन कापले आणि शिपाई त्यावर उभे केले. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पंखा बंद ठेवून काम करणे शक्य नसते, म्हणून प्रत्येक चौकोनाखाली लोखंडी वॉशर चिकटवला आहे. तोही पुठ्ठ्याइतकाच रुंद असल्याने पंख्याखाली रांग ढळत नाही.

वडिलांना मी आधी विचारले नव्हते. गठ्ठ्यातले काही पुठ्ठे कापून झाल्यावर ते खोलीत आले, एक शिपाई उचलून त्यांनी तो खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि बैठकीची भोके बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘भोके बुजवू नकोस, वर माती लावलीस तरी एखादे दिसू दे.’’ मी तलावाच्या काठची बारीक माती चाळून बैठकींवर लावली आहे आणि प्रत्येकीवर एक भोक मोकळे ठेवले आहे. हल्ली रविवारी ते भिंग घेऊन बसतात आणि भाच्याला कात्री फिरवण्याऐवजी कागद फिरवायला शिकवतात. कात्री एका जागी स्थिर आणि कागद वळता ठेवला की गोलाई सफाईदार येते, ही गोष्ट मला इतकी वर्षे कोणी सांगितली नव्हती.

तटाचे काम अजून अर्धे आहे. आतला कोट बाहेरच्यापेक्षा उंच दाखवायचा आहे, म्हणून तो वेगळ्या कागदावर काढला आहे. दगडांच्या रांगा जागेवर जाऊन वहीत उतरवून आणल्या, त्या बुरुजागणिक निराळ्या आहेत. तोफांना जुंपलेले बैल मागच्या आठवड्यात तयार झाले. शिंगे फार नाजूक असल्यामुळे दोन शिंगांमधली जागा कापली नाही, तिला मातीचा रंग दिला.

काल दारूगोळ्याचा गाडा पूर्ण झाला. शिपायासारखाच तोही दोन बाजूंचा आहे. फक्त त्याची पाठ म्हणजे पुढच्या बाजूचा आरसा नव्हे. पुढच्या बाजूला ताडपत्री बांधलेला, जू टेकलेला, सावलीत उभा असलेला गाडा आहे, आणि मागच्या बाजूला तोच गाडा, त्याच मापाचा, धुराच्या आणि जाळाच्या लोळात, एक चाक हवेत. भाच्याने तो पूर्वेच्या तटाबाहेर, पानशांच्या तोफांच्या मागे नेऊन ठेवला, लाल डगल्यांची रांग पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आणली आणि आजोबांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, तेव्हा त्याने दोन बोटांनी गाडा उचलून उलट्या तोंडाने ठेवला.