पोस्टग्रेस 13 वरून 17: रात्रीचे लोड जॉब, आतापर्यंतची प्रगती

घरच्या हवामान-नोंदींचा डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्ती 13 वरून 17 वर आणला. जुना पसारा नको होता, म्हणून नवा रिकामा डेटाबेस केला, रोल (डेटाबेसची वापरकर्ता खाती) नव्याने बनवले आणि हवी तेवढीच टेबलं डंप करून (फाइलमध्ये उतरवून) आत घेतली. रात्री नव्या नोंदी टेबलांत भरणाऱ्या लोड जॉबना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या नोंदीत सीएसव्हीचे (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर-फाइलींचे) दोन्ही जॉब यशस्वी दिसत होते, पण टेबलात एकही नवी ओळ नव्हती. पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या प्रोग्रॅमला) फाइल दिली की मधली कमांड फसली तरी तो पुढच्या चालवत राहतो आणि शेवटी एक्झिट कोड 0, म्हणजे 'सगळं ठीक', देतो. त्याची ऑन-एरर-स्टॉप ही सेटिंग लावल्यावर जॉब पहिल्याच चुकीवर थांबला, कोड आला 3. अपग्रेड करणार असाल तर एवढं आधी करून ठेवा.

मग तीच स्क्रिप्ट हाताने चालवली तर बिनतक्रार चालली! यात अख्खी संध्याकाळ गेली. मी सुपरयूझर म्हणून आत होतो आणि त्याला परवानग्यांची आडकाठी नसते. जॉबच्याच रोलने आत गेल्यावर खरा संदेश दिसला: परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक, म्हणजे पब्लिक या स्कीमात (टेबलांच्या गटात) परवानगी नाही. स्क्रिप्ट दर रात्री पब्लिकमध्ये स्टेजिंग टेबल (फाइल आधी उतरवायचं मधलं टेबल) बनवते. आवृत्ती 15 पासून नव्या डेटाबेसात ती मुभा सगळ्यांना आपोआप मिळत नाही. पूर्ण डंप घेतला असता तर जुन्या परवानग्या सोबत आल्या असत्या, मी निवडक टेबलंच आणली होती. पब्लिक पुन्हा मोकळं करणं एका ओळीचं काम होतं, पण मला ते पटलं नाही. लोडच्या रोलला स्वतःची वेगळी स्कीमा दिली.

तिसरा जॉब जावाचा. तो जोडणीतच अडला: ऑथेंटिकेशन टाइप 10 चालत नाही. आवृत्ती 14 पासून नवे पासवर्ड मुळात स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात आणि माझा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग) 42.2.0 च्या आधीचा होता. ड्रायव्हर बदलला, काम झालं. लोड रेंगाळत होते तेही ॲनालाइझ कमांड चालवल्यावर सुधारले, कारण क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला पोस्टग्रेस टेबलांची जी आकडेवारी वापरतो ती 17 मध्ये डंपसोबत येत नाही.

आता उरलंय ते जास्त जिव्हारी लागणारं. ऑन-एरर-स्टॉपमुळे एक सीएसव्ही अडली: सेन्सर बंद असताना तापमानाच्या जागी दोन आडव्या रेघा येतात. फाइल टेबलात भरणाऱ्या कॉपी कमांडला एक ओळ खटकली की अख्खी फाइल बाहेर. म्हणजे 13 वरही असे दिवस गळत होते आणि मला पत्ता नव्हता. 17 मध्ये कॉपीला ऑन-एरर इग्नोर देता येतं, पण त्याने वाईट ओळ अख्खी गळेल, तिची आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग चांगला असला तरी. म्हणून स्टेजिंगचे सगळे रकाने टेक्स्ट केले आणि रेघांचं नल (रिकामी किंमत) पुढच्या टप्प्यात करतो. जुन्या फाइली जपून ठेवल्यात. गळलेले दिवस एकेक करून भरतोय.