ती माझ्यासाठी थांबली

पावसातही वीज टिकली, संगणकावरच्या खेळातली रेस पूर्ण झाली, जिंकलो. तरी मन खट्टूच.

शेवटच्या लॅपला पुढची लाल गाडी सरळ पट्ट्यावर सावकाश झाली. टायर शाबूत, वाटेत कोणी नाही. रिप्ले लावून वेळा पाहिल्या: मी तिच्या मागे चिकटलेलो तेव्हा 1:48, मी मागे पडलो की 1:52. म्हणजे वाट बघत होती.

युक्ती जुनीच आहे. खेळ सतत अंतर मोजतो. खेळाडू मागे पडला की संगणकाच्या गाडीचा थ्रॉटल कापतो, पुढे पळाला की तिची ताकद आणि पकड गुपचूप वाढवतो. खात्री करायची तर मधल्या एखाद्या लॅपला गाडी वीसेक सेकंद कडेला उभी करायची आणि निकालाचा तक्ता बघायचा. तुम्ही थांबलात तेव्हाच पुढच्याच्या वेळा घसरल्या, तर झालं.

हरलो असतो तर चाललं असतं. कीव केली, ते खुपतं.

असेट्टो कोर्सा या दुसऱ्या रेसिंग खेळात ही दया नाही. तिथे संगणकाच्या गाड्याही माझ्या गाडीच्याच भौतिकशास्त्रावर चालतात. त्यांची खोड निराळी. ट्रॅकच्या एआय फोल्डरात आधीच आखलेली रेषा असते, तिच्यावरून त्या हलायला तयार नसतात. तुम्ही वळणात निम्मे आत शिरलेले असलात तरी आपल्या ठरल्या जागी वळून अंगावर येतात. शेजारी कोणी असेल तर वळण मोठं घ्यावं, हे म्हापशाच्या बाजारातल्या पायलटलाही, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यालाही कळतं! सेटिंगमध्ये त्यांचं ॲग्रेशन, म्हणजे आक्रमकपणा, वाढवून हे सुटत नाही, धक्के तेवढे वाढतात. खेळाडूंनी बनवलेल्या मॉड ट्रॅकवर त्या भलत्याच जागी ब्रेक मारत असतील तर दोष बहुधा रेषेचा. स्वच्छ लॅप मारून ती नव्याने नोंदवावी. एकच जागा बिघडली असेल तर गाड्यांना सूचना देणाऱ्या हिंट्स फाइलमध्ये तेवढा तुकडा द्यावा, लॅपच्या अंशात (पूर्ण लॅप म्हणजे 1), म्हणजे 0.42 ते 0.45 असा. त्या तुकड्यासाठी दिलेला सूचनेचा आकडा थोडाथोडाच हलवावा.

सोनीच्या सोफी या एआयनं 2021 मध्ये ग्रान टुरिस्मो या रेसिंग खेळातल्या अव्वल चालकांना हरवलं, 2022 मध्ये ते ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलं. तिला वेगापेक्षा शिष्टाचार शिकवणं जड गेलं. धडकेचा दंड वाढवला की भित्री, कमी केला की दांडगी. एवढा खटाटोप करून माणसासारखी भांडणारी गाडी मिळते, आणि मी इथे एका लाल गाडीनं माया केली म्हणून रुसलोय. तिनं तरी काय करावं? सेटिंगमध्ये कॅच-अप, म्हणजे वर सांगितलेली तीच युक्ती, चालू होतं. ते मीच कधी बघितलं नाही, असंही नाही.

उद्या असेट्टो कोर्सात मॉन्झाचा ट्रॅक, संगणकाच्या गाड्यांची स्ट्रेंथ 92. पहिल्या लॅपला त्या सगळ्या शिकेनपाशी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांपाशी, गर्दी करून लवकर ब्रेक मारतील आणि मी आतून चार गाड्या काढीन. त्याची मला अजिबात लाज वाटणार नाही.