इन्स्पेक्शन झालं, आता टीटी घ्यायची की नाही?

गाडी होती 2016 ची ऑडी टीटी, 2.0 टीएफएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, एमएच-02 म्हणजे मुंबईचं पासिंग. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणारे एक डॉक्टर ती विकत होते, ते दुसरे मालक. मीटरवर 46 हजार किलोमीटर, मागणी 29 लाख. टीटीचं उत्पादन हंगेरीतल्या ग्यॉरच्या कारखान्यात नोव्हेंबर 2023 मध्ये कायमचं थांबलं, म्हणजे घ्यायची तर जुनीच. कॉलेजात असल्यापासून ही गाडी माझ्या मनात आहे. म्हणूनच घरी बोलून पक्कं केलं होतं, की आधी तपासणी आणि मगच पैशांचं बोलणं. तोवर टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही.

डॉक्टरांना आदल्या रात्री फोन करून विनंती केली, "सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गरम इंजिन बरंच काही लपवतं. थंड इंजिन सुरू होताना चेनची खडखड, एक्झॉस्टचा धूर, अडखळणारं आयडलिंग, जे असेल ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावून पाहिला, गार होतं. इंजिन एका दमात सुरू झालं आणि लगेच स्थिरावलं.

तिथून गाडी अंबडला नेली. तिथं जर्मन गाड्यांचंच काम करणारं एक गॅरेज आहे. त्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी लिफ्टवर घ्यायच्या आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. मीटर मागे फिरवलंय का, हे नुसतं डॅशबोर्ड बघून कळत नाही. पण जुना एरर कोड मेमरीत राहिला असेल, तर तो आला तेव्हाचं किलोमीटरही त्याच्यासोबत नोंदलेलं असतं. इथं बॅटरी व्होल्टेजचा एक जुना कोड होता, 38 हजारांवरचा, आणि सर्व्हिसच्या बिलांशी तो बरोबर जुळला. काकांनी मग रेडिनेस तपासला. कोणी आदल्या दिवशी सगळे कोड पुसून ठेवले असते तर इंजिनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसल्या असत्या. सगळ्या पूर्ण होत्या. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्येही अपघाताची नोंद नव्हती.

लिफ्टवर गेल्यावर मात्र यादी वाढायला लागली. टायरच्या बाजूवर 1418 हा आकडा, म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण सात वर्षांचं रबर नखाला दगडासारखं लागत होतं. पुढच्या ब्रेक डिस्कला काठावर बोट अडकेल इतकी कड आलेली. वॉटर पंपाच्या खाली कूलंट वाळून गुलाबी खपली धरलेली, वयानुसार सील गेलेलं. आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं तेल कधी बदलल्याचं एकही बिल नाही. सहा गिअरचा हा वेट क्लच, म्हणजे क्लच तेलात चालणारा, डीएसजी आहे, त्याचं तेल 60 हजारांवर बदलायचं असतं. म्हणजे किलोमीटरच्या हिशोबानं वेळ झाली नव्हती, पण वर्षांच्या हिशोबानं मला ते ठेवायचं नव्हतं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगच्या तेलाचंही तेच.

या सगळ्याचा काकांनी कागदावर आकडा काढून दिला, दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. अशा गोष्टींनी मी घाबरत नाही. ज्याची किंमत काढता येते, ती किमतीतून वजा करता येते.

अडलं ते डाव्या पुढच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर. मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, मोजणं हा रोजचा उद्योग, म्हणून रंगाच्या थराची जाडी मोजणारं पेंट गेज स्वतःचंच नेलं होतं. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या टीटीचं छप्पर, दारं, बॉनेट, फेंडर, सगळा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त गेज त्यावर काहीच दाखवत नाही आणि लोहचुंबक फिरवून रंगाखाली भरलेली लांबी (पुट्टी) शोधायची जुनी युक्तीही फुकट जाते. दोन्ही धातूंवर चालणारं गेज लागतं. दारांवर, छपरावर, मागच्या बाजूला 110 ते 130 मायक्रॉन येत होते, म्हणजे कंपनीचा रंग. डाव्या फेंडरवर 310. पुन्हा रंगवलेला. काकांनी टॉर्च मारून फेंडरच्या बोल्टची डोकी दाखवली, कडांवरचा रंग पान्यानं उडालेला. डावा हेडलॅम्पही उजव्यापेक्षा तीन वर्षांनी नवा.

डॉक्टर म्हणाले, "मी घेतल्यापासून गाडीला ओरखडासुद्धा नाही. आधीचं मला माहीत नाही." त्यांच्या बोलण्यात मला खोट दिसली नाही. पण मालकाला माहीत नसणं आणि गाडीला काही झालेलं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काका म्हणाले, "अरे, फेंडरचं सोड. त्याच्या मागं काय झालंय ते बघू." बाहेरचा पत्रा बदलता येतो. त्याच्या मागं दडलेला पोलादी रेल, ज्यावर इंजिन आणि सस्पेन्शन तोललेलं असतं, तो वाकवून सरळ केलेला असेल तर गाडी कधीच पूर्ववत होत नाही. दोन्ही बाजूंचे रेल आम्ही शेजारी शेजारी ताडून पाहिले. सीलंटची रेघ दोन्हीकडे सारखी, स्पॉट वेल्डचे ठिपके जागच्या जागी, ओढून सरळ केल्याच्या क्लॅम्पच्या खुणा नाहीत. मग व्हील अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली. कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांच्या कलाचे कोन, डावीउजवीकडे मर्यादेत आणि जवळपास सारखे.

एवढ्यावर मी हो म्हटलं नाही. डॉक्टरांच्या जुन्या कागदांत पहिल्या मालकाच्या दोन पॉलिसी निघाल्या. एका वर्षी 25 टक्के असलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या वर्षी शून्य झाला होता. बोनस असा शून्यावर येतो तो बहुतेक वेळा क्लेममुळेच. त्या वर्षाचं बिल डॉक्टरांनी चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून मागवलं. पुढचा बंपर, डावा हेडलॅम्प, डावा फेंडर, रेडिएटर आणि तो धरणारी पुढची फ्रेम. चेसिसच्या कामाची ओळ नाही, एअरबॅग नाही. बिलात जे होतं तेच गेजनं आणि लिफ्टनं सांगितलं होतं. बिल मिळालं नसतं तर पाच लाख कमी करूनही मी ही गाडी घेतली नसती, कारण पुढं मला ती विकताना समोरचा हाच प्रश्न विचारणार.

मग त्र्यंबक रोडनं अंजनेरीपर्यंत नेऊन आणली. रांगेत सरपटताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर नाही, मोकळ्या रस्त्यावर स्टीअरिंग सरळ. घरच्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता: सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर खोदाखोद चाललेली असताना एवढी बुटकी गाडी चालवणार कुठं? मुद्दा रास्त होता. रोजच्या अंबडच्या फेऱ्यांना आमची जुनी स्विफ्टच राहील आणि टीटी रविवारी पहाटे निघेल, असं ठरलं.

बोलणी फार ताणली नाहीत. काकांचा कागद आणि वर्कशॉपचं बिल दोन्ही समोर ठेवलं. 26 लाख 25 हजारांवर सौदा झाला, दोन अटींवर. आरसीवर डॉक्टरांच्या फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत होता, तो फॉर्म 35 आणि बँकेच्या पत्रानं आधी उतरवायचा. ई-चलनं त्यांनीच भरायची. दोन्ही त्यांनी आनंदानं मान्य केलं आणि पाळलंही.

नंतर फॉर्म 28 लावून मुंबईच्या आरटीओची एनओसी, फॉर्म 29 आणि 30, आणि पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलीचा अर्ज. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करायला टाकला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक वेगळा भरावा लागतो. तो बजेटमध्ये आधीच धरून ठेवा. टायर, वॉटर पंप आणि दोन्ही तेलांचं काम काकांनी उरकलंय. डिस्कचा सेट मागवलाय, तो आला की बसवायचा.