आधी फोमच्या पाठीत
आज बेळगावात मणक्याच्या शस्त्रक्रियेची कार्यशाळा. टेबलावर कमरेचे पाचही मणके, पण फोमचे: वरून टणक, आत भुसभुशीत. पेडिकलमधून, म्हणजे मणक्याचा पुढचा नि मागचा भाग जोडणाऱ्या हाडाच्या आखूड खांबातून, स्क्रूसाठी वाट करताना प्रोब, म्हणजे बोथट सळई, एकसारखा अडत अडत पुढं सरकतो. अचानक सैल पडला की समजायचं, भिंत फुटली. आतल्या अंगाला फुटली तर पलीकडं थेट नसा. हे वाचून कळत नाही हो, बोटांनाच कळावं लागतं.

सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंट केलेला एक वाकडा कणाही होता. सर मराठीतून कन्नडमध्ये, मधेच इंग्रजीत. आपलं नेहमीचंच!

फोमला रक्त येत नाही, ही मोठी उणीव. तरी भातलावणीनं कंबर गेलेल्या खानापूरच्या मावशींआधी इथले मणके फुटलेले परवडले.

पुढच्या वेळी मानेचे मणके आणणार म्हणे. तिथं पेडिकल अजून बारीक.