आबांचा उजवा कान

आमच्या घरात आबांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसायचं. डावा कान तोफेनं नेलेला. नातवंडांना हे कुणी शिकवलं नाही, रांगतं पोरसुद्धा आपसूक त्याच बाजूनं मांडीवर चढायचं. गाव त्यांना 'मेजर' म्हणायचं. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. "हवालदार म्हणा" असं सांगून सांगून शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

मागच्या पौषात आबा गेले. 84 वं वर्ष चालू होतं.

फौज त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती सातव्या वर्षी, आजोळी जळकोटला. 13 सप्टेंबर 1948. सोलापूरकडून निघालेली फौज नळदुर्गला बोरी नदी ओलांडून उमरग्याच्या वाटेला लागली होती. गाड्यांचा आवाज आला तशी त्यांच्या आजीनं पोरांना कणगीमागं दडवलं. रझाकारांच्या भीतीनं ती सवयच पडली होती. आबा निसटले आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन उभे राहिले. एका जवानानं गाडीतून हात हलवला. चार दिवसांनी हैदराबादचा निजाम भारताला शरण आला, पण आबांच्या आठवणीत पोलीस ॲक्शन म्हणजे तो हात.

1962 ची चीनची लढाई झाली आणि भरती निघाली तेव्हा ते घरी न सांगता गेले. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात शिकले. मग 25 पौंडी तोफ. एक गोळा सव्वाअकरा किलोचा. शेतात शेणखताचं अर्धं घमेलं उचलून "बघ, एवढा" म्हणून माझ्या हातात द्यायचे. 1965 च्या सप्टेंबरात ते खेमकरणकडं होते. असल उत्तरच्या रानात पाणी सोडलेलं होतं, त्या चिखलात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. आबांनी मला त्या लढाईतलं एकच सांगितलं होतं : "ऊस लई झकास होता रं तिथला. समदा मोडला." कोरडवाहू रानातल्या माणसाला पंजाबातल्या त्या उसाची हळहळ मरेपर्यंत होती. कानात कापूस घातलेला असायचा, तो घाईत कधी पडला त्यांनाच कळलं नाही. कानाच्या पेन्शनीचे कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरले आणि तिथंच राहिले. मला त्याचा अजून राग आहे. त्यांना नव्हता.

1972 च्या दुष्काळात सुट्टीवर आले तेव्हा आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी होती. त्यावर दोघंही फार बोलले नाहीत कधी.

मला आबा खरे कळले ते 30 सप्टेंबर 1993 ला. मी आठ वर्षांचा. आमचं गाव सास्तूरच्या अलीकडं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडची घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घातलेली ती माती निजलेल्या माणसांवर आली. आम्ही गोठ्याच्या पत्र्याखाली झोपलो होतो म्हणून वाचलो.

अंधारात नुसता आक्रोश. आबा गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "गप! समदे गप बसा!" तसला आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. लोक खरंच गप झाले. मग ते ढिगाऱ्यावर पालथे झोपले आणि उजवा कान दगडाला लावला. थोडं सरकले, पुन्हा लावला. "हितं." पोरं हातानं दगड काढायला लागली. दुपारपर्यंत चार माणसं जिवंत निघाली. शेजारच्या काकूंना शेवटी बाहेर काढलं, त्यांच्या केसांत अजून गजरा होता. ज्या ढिगाऱ्यातून काही ऐकू आलं नाही, तिथंही आबा बराच वेळ तसेच पडून राहायचे. कुणी उठवायला गेलं तर नुसता हात वर करायचे.

लष्कराच्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी एका पत्र्यावर कोळशानं लिहून ठेवलं होतं : कुणाचं घर, आत किती माणसं, किती निघाली. पाऊस लागला होता, म्हणून त्या पत्र्यावर त्यांनी स्वतःचं कांबळं धरलं होतं. साहेबानं तो पत्रा वाचला आणि विचारलं, "कौन सी यूनिट, बाबा?" आबांनी टाचा जुळवल्या आणि आपला नंबर खाडकन सांगितला. साहेबानं सलाम केला. आबांच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. पहाटेपासून पहिल्यांदा.

पुढं सरकारनं नव्या जागेवर घर दिलं. त्यात ते आमच्यासाठी राहिले, निजायला मात्र कायम पत्र्याखाली.

आता नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आज्जीला मी नेतो. फॅमिली पेन्शन तिच्या नावावर झाली आहे. बँकेतल्या पोरीनं हळूच नाव विचारलं, तर आज्जीनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळी रांग वळून बघायला लागली. साठ वर्षं ती आबांच्या डाव्या अंगाला जेवायला बसत आली होती. घरात आता सगळ्यांना दोन्ही कानांनी ऐकू येतं, तरी ती मोठ्यानंच बोलते. आम्ही तिला हळू बोल म्हणत नाही.