९९.१चे बारा वाजले तेव्हा

१२ जानेवारी २००५ रोजी बुधवार होता. मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे आमच्या कार्यालयाच्या वाहनतळावर मी गाडीत बसून गार डबा खात होतो, कारण लसणाची फोडणी दिलेली मेथीची भाजी सगळ्यांच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करण्याचे धाडस अमेरिकेत पाच वर्षे काढल्यानंतरही मला होत नव्हते. रेडिओचे पहिले बटण ९९.१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे डब्ल्यूएचएफएस (थोडक्यात एचएफएस) या अल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे रूढ लोकप्रिय रॉकपेक्षा वेगळ्या वाटेचे रॉक वाजवणाऱ्या स्टेशनवर लावलेले होते. जेफ बकलीचे ‘लास्ट गुडबाय’ हे गाणे संपले, दुपारचे बारा वाजले आणि गिटारच्या जागी नाचाच्या ठेक्यातले स्पॅनिश संगीत सुरू झाले. गाडीचा रेडिओच बिघडला असावा, असे समजून मी ते बटण पुन्हा दोनदा दाबले. बिघाड कसलाही नव्हता. स्टेशनचे नाव आता ‘एल सोल’ झाले होते आणि त्यावर यापुढे साल्सा, मेरेंगे आणि बचाता वाजणार होते. ‘बारा वाजणे’ हा आपला वाक्प्रचार इतका शब्दशः खरा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुण्यात आकाशवाणी आणि विविध भारती ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रकार समजायलाच वेळ लागतो. त्या काळी आपल्याकडे स्टेशन म्हणजे एक कायमची सरकारी वास्तू असे; निवेदक निवृत्त होत, सिग्नेचर ट्यून मात्र तीच राही. अमेरिकेतील व्यापारी रेडिओत ज्याला आपण ‘स्टेशन’ म्हणतो, त्यात प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: फ्रिक्वेन्सी, ती वापरण्याचा सरकारी परवाना, चार अक्षरी नाव आणि फॉरमॅट, म्हणजे कार्यक्रमांचा बाज. श्रोता जीव लावतो तो चौथ्या गोष्टीला. मालक पैसे मोजतो ते पहिल्या दोन गोष्टींसाठी.

डब्ल्यूएचएफएसचे नाव पडले ते ‘वॉशिंग्टन हाय फिडेलिटी स्टिरिओ’ या शब्दांवरून, आणि १९६१ साली बेथेस्डा गावातून १०२.३वर सुरू झालेले हे स्टेशन पहिली काही वर्षे रॉकच्या वाटेलाही गेले नव्हते. साठचे दशक सरता सरता तेथे तरुण निवेदकांना आपल्या आवडीच्या तबकड्या वाजवण्याची मुभा मिळाली. जेक आइनस्टाइन या व्यवस्थापकाने ती मुभा बरीच वर्षे टिकवली आणि पुढे मालकीतही भाग घेतला. १९८३ मध्ये १०२.३ विकले गेले, तेव्हा त्याच मंडळींनी अ‍ॅनापोलिसचे ९९.१ घेऊन नाव आणि गाणी तिकडे हलवली. कमी ताकदीच्या फ्रिक्वेन्सीवरून ५० किलोवॉटच्या फ्रिक्वेन्सीवर गेल्यामुळे तेच स्टेशन आता वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या दोन्ही शहरांत ऐकू येऊ लागले. त्यापूर्वी ९९.१वर जे काही लागत असे, त्याच्या श्रोत्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, हा प्रश्न मला २००५ पर्यंत कधी पडला नव्हता.

अल्टरनेटिव्ह रॉक रेडिओविषयी लिहिताना एक भाबडी समजूत वारंवार भेटते. ती अशी, की पूर्वी सगळे मुक्त होते आणि मग कंपन्यांनी येऊन ते बिघडवले. लॉस एंजेलिसच्या केआरओक्यू या स्टेशनचे उदाहरण या समजुतीला छेद देते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेथे आलेल्या रिक कॅरोल या कार्यक्रम संचालकाने नव्या धाटणीची गाणी लावली हे खरे, पण ती लावण्याची पद्धत त्याने लोकप्रिय गाण्यांच्या स्टेशनांकडून उचलली होती: मोजकी यादी आणि तीच गाणी पुन्हा पुन्हा. पंक आणि न्यू वेव्ह या रॉकच्या नव्या प्रकारांना असे शिस्तीत बसवल्यामुळेच ‘रॉक ऑफ द एटीज’ हा फॉरमॅट दुसरीकडे विकता आला. ११ जानेवारी १९८३ रोजी सॅन दिएगोत ऐकू येणारे, पण प्रक्षेपण मेक्सिकोतील तिहुआनातून करणारे ९१एक्स त्याच पद्धतीने बदलले. म्हणजे अल्टरनेटिव्हचा प्रसार जेथे जेथे झाला, तेथे तो कोणत्या तरी जुन्या फॉरमॅटला उठवूनच झाला.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील डब्ल्यूएलआयआरची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. १९८२च्या ऑगस्टमध्ये डेनिस मॅकनमारा या कार्यक्रम संचालकाच्या पुढाकाराने हे ९२.७वरील लहानसे स्टेशन ‘डेअर टू बी डिफरंट’ म्हणत न्यू वेव्हकडे वळले. केनेडी विमानतळ जवळ असल्याचा फायदा घेऊन इंग्लंडमधून येणाऱ्या तबकड्या अमेरिकी कंपन्यांनी प्रकाशित करण्यापूर्वीच ते वाजवत, आणि ‘स्क्रीमर ऑफ द वीक’ म्हणून आठवड्याचे गाणे श्रोत्यांच्या मतांवर ठरत असे. परवान्याच्या प्रदीर्घ कज्ज्यानंतर १९८७च्या डिसेंबरात या स्टेशनला ती फ्रिक्वेन्सी सोडावी लागली. नव्या परवानाधारकाने डब्ल्यूडीआरई या नावाने संगीताचा तोच बाज पुढे चालवला, हा या व्यवसायातील दुर्मीळ चांगुलपणा म्हणावा लागेल.

श्रोत्यांनी न्यायालयात जायचे नाही का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण त्याचे उत्तर १९८१ मध्येच मिळून गेले होते आणि ते रॉकच्या श्रोत्यांनी मिळवलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनने १९७४ मध्ये एकाएकी रॉक वाजवायला सुरुवात केली, तेव्हा मोझार्ट आणि बीथोव्हेनच्या चाहत्यांनी ‘लिसनर्स गिल्ड’ स्थापन करून लढा दिला आणि पुढच्याच वर्षी शास्त्रीय संगीत परत आणवले. मूळ तत्त्वाचा वाद मात्र वर चढत गेला: एखादा दुर्मीळ फॉरमॅट बंद होत असेल, तर प्रसारणाचे परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी संस्थेने परवान्याचा विचार करताना त्यात लक्ष घालावे की नाही? मनोरंजनाचा बाज बाजाराने ठरवावा, अशी कमिशनची भूमिका होती आणि मार्च १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मान्य केली. तेव्हापासून फॉरमॅट बदलायला कोणाचीही परवानगी लागत नाही. डब्ल्यूएनसीएन मात्र १९९३च्या डिसेंबरात पुन्हा रॉकवर गेले, आणि या वेळी ते परत आले नाही.

पुढची वर्षे भराभर गेली. सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाने अल्टरनेटिव्ह गाण्यांसाठी ‘मॉडर्न रॉक ट्रॅक्स’ ही स्वतंत्र क्रमवारी सुरू केली, १९९१ मध्ये निर्व्हाना या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमने सगळे गणित बदलले, आणि अटलांटाच्या ९९एक्सपासून शिकागोच्या क्यू१०१पर्यंत स्टेशनांनी १९९२ साली हा फॉरमॅट घेतला. एचएफएसने १९९० मध्ये सुरू केलेला ‘एचएफएस्टिव्हल’ हा महोत्सव वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमपर्यंत पोहोचला. १९९९ मध्ये मी अमेरिकेत आलो, तेव्हा लाट ओसरू लागली होती. माझे कान मात्र नुकतेच उघडले होते, त्यामुळे मला ते कळले नाही.

१९९६च्या दूरसंचार कायद्याचा उल्लेख या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण करतो आणि तो टाळताही येत नाही. त्याआधी एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम अशी कमाल मर्यादा होती. कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढून टाकली आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशने ठेवण्याची मोकळीक दिली. क्लिअर चॅनल ही कंपनी काही वर्षांतच सुमारे १,२०० स्टेशनांपर्यंत गेली. आकड्यापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा आहे. एका शहरात एकच स्टेशन असलेला मालक ते कसे चांगले चालेल याचा विचार करतो. सहा असलेला मालक कोणत्या खणात काय ठेवावे याचा विचार करतो. एखाद्या खणातील माल उठत नसेल, तर तो माल सुधारण्यापेक्षा खणच दुसऱ्या मालाला देणे त्याला सोपे जाते.

आणि एचएफएसचा माल उठत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अल्टरनेटिव्ह स्टेशने तरुण मुलांना धरून ठेवण्यासाठी आरडाओरड करणाऱ्या न्यू मेटल या रॉकच्या प्रकाराकडे झुकली आणि त्या नादात बायकांनी व तिशी ओलांडलेल्यांनी हा फॉरमॅट सोडला. ज्यांचे संगीतावर खरे प्रेम होते, ते आधी नॅप्स्टरकडे (इंटरनेटवरून गाणी फुकट मिळवण्याची सोय) आणि मग आयपॉडकडे गेले. एक्सएम या उपग्रह रेडिओचे मुख्यालय तर वॉशिंग्टनमध्येच होते. मी स्वतः ९९.१ लावत असे ते मुख्यतः सवयीने, हे गाडीतल्या त्या दुपारी कबूल करायला मी तयार नव्हतो.

दुसरीकडे वॉशिंग्टनच्या परिसरात एल साल्वादोरहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती झाली होती आणि त्यांच्यासाठी ५० किलोवॉटचे एकही एफएम स्टेशन नव्हते. एचएफएसची मालक असलेल्या इन्फिनिटी या कंपनीने ही पोकळी हेरली. अशा बदलाची वाच्यता आधी झाली, तर प्रतिस्पर्धी सावध होतात आणि जाहिरातदार हात आखडता घेतात. म्हणून निवेदकांनाही ते अगदी शेवटच्या घटकेला कळते. श्रोत्यांना निरोपाचा कार्यक्रमसुद्धा मिळत नाही. मिळाले ते एक गाणे, आणि तेही नंतर आठवून अर्थ लावण्यापुरते.

आमच्या मजल्यावर संध्याकाळी साफसफाईला एक साल्वादोरी बाई येत. त्यांच्या ढकलगाडीच्या दांड्याला पिशवीत बांधलेला एक छोटा रेडिओ असे, आणि त्यावर एएमची खरखर इतकी असे, की गाणे त्यातून चाळून घ्यावे लागे. त्या बुधवारनंतर दोन-तीन दिवसांनी मी उशिरापर्यंत थांबलो होतो. गाडी ढकलत त्या आल्या, आणि रेडिओवर ९९.१ अगदी स्वच्छ लागले होते. त्या क्षणी मला समजूतदारपणा सुचला असे लिहिले, तर ते खोटे ठरेल. मला राग आला आणि मी दार लोटून घेतले. दुसऱ्या देशातून येऊन, तिथल्या रेडिओवर आपले काही लागावे अशी अपेक्षाही न ठेवता राहणारे आम्ही दोघेही होतो. फरक एवढाच, की माझ्या आवडीचे त्या देशाच्या आवडीशी जुळत होते. हा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला.

तो सुचल्यावर मी इतर फ्रिक्वेन्सींचे पुढे काय झाले ते पाहू लागलो. एचएफएसने सोडलेले १०२.३ हे १९८७ मध्ये कॅथी ह्यूज यांनी घेतले आणि कृष्णवर्णीय प्रौढ श्रोत्यांसाठी ‘मॅजिक’ उभे केले; त्यांच्या ‘रेडिओ वन’ या कंपनीचे ते पहिले एफएम स्टेशन होते. लाँग आयलंडचे ९२.७ हे जानेवारी २००४ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश प्रसारण कंपनीकडे जाऊन स्पॅनिश झाले. मुंबईतही याची एक धाकटी आवृत्ती घडली होती: २००२ मध्ये इंग्रजी गाण्यांसाठी निघालेले गो ९२.५ पुढे ‘रेडिओ वन’ होऊन हिंदीकडे वळले (कॅथी ह्यूज यांच्या कंपनीशी या नावाचा संबंध नाही). दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारे परवाना शुल्क डोक्यावर असताना इंग्रजी रॉक वाजवण्याची चैन तेथे कोणाला परवडली असती, हे सांगणे कठीण आहे.

सगळेच बदल असे नव्या श्रोत्यांच्या पदरात पडले नाहीत. न्यूयॉर्कच्या ९२.३ची अवस्था तर धर्मशाळेसारखी झाली: के-रॉक हे रॉकचे स्टेशन गेले, गप्पांचे स्टेशन आले, २००७ मध्ये के-रॉक परतले, २००९ मध्ये लोकप्रिय गाणी आली, २०१७ मध्ये ‘ऑल्ट’ नावाने अल्टरनेटिव्ह आले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे बातम्या सुरू झाल्या. शिकागोत क्यू१०१ हे २०११ मध्ये विकले जाऊन बातम्यांचे स्टेशन झाले आणि ते वर्षभरही टिकले नाही. तेथील अल्टरनेटिव्हची पळवाट मात्र मजेदार होती. अमेरिकेतील सहाव्या क्रमांकाच्या अ‍ॅनालॉग दूरचित्रवाहिनीचा ध्वनी एफएमच्या पट्ट्याच्या अगदी काठावर, ८७.७च्या आसपास, साध्या रेडिओवर ऐकू येत असे. तेव्हा कमी ताकदीच्या एका दूरचित्रवाणी परवान्यावर चित्रापेक्षा आवाजालाच महत्त्व देऊन हा फॉरमॅट चालवला गेला. २०१४ मध्ये तो मूळ १०१.१वर परतला आणि २०२२ मध्ये क्यू१०१ हे नावही परत मिळाले. गेलेले स्टेशन परत येते, असे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

एचएफएसचे तसे झाले नाही. नाव बाल्टिमोरच्या १०५.७वर काही काळ राहिले, नंतर आणखी लहान जागी सरकत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये नॅशनल्स पार्क या बेसबॉलच्या मैदानावर ‘एचएफएस्टिव्हल’ पुन्हा भरला. स्टेशन नसताना स्टेशनचा महोत्सव. आणि एल सोललाही ९९.१ लाभले नाही. डिसेंबर २०११ मध्ये त्याला १०७.९वर हलवून जुन्या जागी बातम्या आणल्या गेल्या, आणि २०१५च्या अखेरीस तेथे ब्लूमबर्गचे व्यापारविषयक कार्यक्रम सुरू झाले.

दरम्यान मी दोन गाड्या बदलल्या. पहिले बटण अजून ९९.१वरच आहे, त्यावर रोख्यांचे भाव ऐकू येतात. दुसरे १०७.९वर आहे.